काळ्या बिअरला घाई चालत नाही

जे पीत नाहीत त्यांनी हे वाचून सुरुवात करू नये, ही पहिली विनंती. न पिणाऱ्याचं कुठेही काही अडत नाही. मला बोलायचंय ते पिणाऱ्यांशी, आणि त्यातही अशा मंडळींशी, ज्यांचं "आज बसायचं का?" म्हणजे बिअर शॉपीतून आणलेल्या दोन चिल्ड स्ट्राँग, शेंगदाण्याची पुडी, कुणाची तरी गच्ची आणि तासाभरात सगळं आवरून घरी.

पुण्यात, बंगळुरूत नोकरीला असलेली आपली पोरं सणासुदीला कोल्हापुरात आली की हल्ली एक नवं नाव घेतात: कॉफी स्टाऊट. रंगानं काळी, फेस तपकिरी, ग्लास नाकाशी नेला की कॉफीचा वास. कौतुकानं एखादी बाटली घरी येते. मग आपला गडी काय करतो? ती फ्रीजरमध्ये बर्फ होईपर्यंत ठेवतो, सवयीनं अर्धा ग्लास एका दमात रिचवतो आणि तोंड वाकडं करून म्हणतो, "कडू हाय की राव." नाहीतर लेबल वाचतो, आठ टक्के दिसतात, आणि "नाद खुळा" म्हणत दुसरी उघडतो. पहिल्याचे पैसे वाया गेले. दुसऱ्याची रात्र वाया जाणार आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की ही बिअर चवीसाठी केलेली असते, तेव्हा चवीसाठीच प्या. एक बाटली, दोघातिघांत, पाऊण तास. तेवढ्यावर भागत नसेल तर तुम्हाला स्टाऊट नकोच आहे, तुम्हाला नशा हवी आहे. नशेसाठी एवढी महागडी बाटली फोडायची गरज नाही.

आधी ही काळी कशी होते ते बघू, कारण तिथूनच बरेच गैरसमज सुरू होतात. बिअर होते जवापासून. जव भिजवायचे, मोड आणायचे, वाळवायचे. त्याला माल्ट म्हणतात. आपल्या नेहमीच्या बिअरला फिकट वाळवलेला माल्ट लागतो. स्टाऊटमध्येही बहुतेक धान्य फिकटच असतं. शंभर किलोत पाच-दहा किलो धान्य तेवढं दोनशे अंश सेल्सियसच्या पुढे, पार काळं होईपर्यंत भाजलेलं असतं. तेवढ्यानं अख्खी कढई काळी होते. म्हणजे काळा रंग भाजण्यातून येतो, दारूतून येत नाही. डब्लिनची जगप्रसिद्ध गिनेस ड्राफ्ट ४.२ टक्क्यांची आहे. आपल्या शॉपीतल्या कुठल्याही स्ट्राँगपेक्षा सौम्य. उलट आपल्याकडची कल्याणी ब्लॅक लेबल नावानं काळी, पण ग्लासात ओतली की पिवळीधमक लागर, म्हणजे आपली नेहमीची फिकट बिअर. काळं म्हणजे कडक, हे डोक्यातून काढून टाका. लेबलवर टक्के छापलेले असतात, तिथे बघा.

कॉफीचं आणि या बिअरचं नातं आजचं नाही. अठराव्या शतकात लंडनमध्ये हमाल-कष्टकरी मंडळी पोर्टर नावाची गडद बिअर पीत. त्यातल्या जरा दमदार प्रकाराला स्टाऊट म्हणू लागले. १८१७ साली डॅनियल व्हीलर नावाच्या माणसानं फिरत्या पिंपात माल्ट काळा होईपर्यंत, पण कोळसा न होऊ देता, भाजायच्या युक्तीचं पेटंट घेतलं. कॉफीच्या बिया भाजायची पिंपंही याच धर्तीची. तेव्हा स्टाऊटला कॉफीचा वास येतो यात चमत्कार काही नाही. दोन्हीकडे बी भाजण्याचीच करामत आहे. श्रीलंकेची लायन स्टाऊट घ्या. ८.८ टक्क्यांची, डांबरासारखी काळी. तिच्यात कॉफी घातलेली नसते, तरी पिणारा पहिला शब्द उच्चारतो तो कॉफी.

जाता जाता एक गंमत. गोऱ्या साहेबानं हिंदुस्थानात पेल एल नावाची फिकट बिअर आणली, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. पण ती प्यायचे मुख्यतः अधिकारी. छावण्यांतल्या साध्या शिपायासाठी जहाजं भरभरून यायची ती पोर्टरची पिंपं. म्हणजे आज नवी फॅशन म्हणून येणारी काळी बिअर या देशानं दीडदोनशे वर्षांपूर्वी भरपूर रिचवलेली आहे, फक्त आपण नव्हे.

आता खरी कॉफी घातलेली स्टाऊट. बिअर आंबवून तयार झाली, थंड झाली, की भरड कुटलेल्या कॉफीच्या बिया कापडी पिशवीत बांधून टाकीत सोडतात आणि दिवसभरात, फार तर दोन दिवसांत काढून घेतात. दुसरी रीत म्हणजे कॉफी थंड पाण्यात रात्रभर भिजवायची, गाळायची आणि तो अर्क शेवटी मिसळायचा. उकळत्या कढईत कॉफी टाकणारा ब्रुअर फसतो, कारण वास वाफेबरोबर उडून जातो आणि मागे तुरटपणा उरतो. घरी फिल्टर कॉफी करणाऱ्याला हे सांगायला नको. डिकॉक्शन उकळलं की त्याची काय दशा होते ते त्यानं बघितलेलं असतं.

आपल्या देशातल्या ब्रुअरला कॉफीसाठी लांब जावं लागत नाही. बाबा बुदान यांनी सतराव्या शतकात मक्केच्या यात्रेहून सात बिया आणून लावल्या असं परंपरा सांगते, ते चिकमगळुरूचे डोंगर कोल्हापूरहून एका दिवसाच्या गाडीच्या रस्त्यावर आहेत. आपल्या राज्यातही, पार तिकडे मेळघाटात चिखलदऱ्याला कॉफीचे मळे आहेत. कोल्हापूरकराला ते चिकमगळुरूपेक्षा लांब पडतात, ही गोष्ट वेगळी.

ही बिअर ताजी प्या. वाईनसारखी मुरेल म्हणून कपाटात ठेवू नका. कॉफीचा वास सगळ्यात आधी मरतो. महिने उलटले की त्या जागी चक्क ढोबळी मिरची चिरल्याचा वास यायला लागतो. पहिल्यांदा असा वास आला तर माणसाला वाटतं आपलंच नाक बिघडलं. नाक शाबूत आहे, बाटली शिळी आहे. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बिअरला हवा लागलेली आहे. व्हिनेगरसारखी आंबट लागली तर ओतून द्या आणि बारमध्ये असाल तर बदलून मागा. त्यात भीड बाळगायचं कारण नाही. कॉफीचा हलका आंबटपणा मात्र चालतो, तो गुण आहे.

आता प्यायचं कसं ते सांगतो, आणि इथे जरा रेंगाळणार आहे.

बाटली फ्रीजरमधून नको, फ्रीजमधून काढा आणि पंधरा-वीस मिनिटं टेबलावर राहू द्या. एप्रिल-मे असेल तर दहा पुरेत. आपल्याकडे बिअर जितकी गार तितकी भारी असं मानतात, आणि फिकट लागरच्या बाबतीत ते बरोबरही आहे. तिच्यात लपवण्यासारखंच जास्त असतं. स्टाऊट आठ ते बारा अंशांवर बोलायला लागते. त्याखाली फक्त कडूपणा लागतो, वास मुका राहतो. "कडू हाय की" म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांची तक्रार बिअरबद्दल नसते, फ्रीजरबद्दल असते.

तोंडात मावा किंवा तंबाखू असेल तर आजचा बेत रद्द करा. हे थट्टेनं म्हणत नाही. चुन्यानं सुन्न झालेल्या जिभेला कॉफी आणि कोळसा यातला फरक कळत नाही. सिगारेटचंही तेच.

स्टीलचा पेला नको, काच हवी, आणि ग्लास वर जरा निमुळता असेल तर उत्तम. घरात वाईनचा ग्लास असेल तर तोच घ्या. ग्लास तिरका धरून हळू ओता, शेवटी सरळ करा म्हणजे बोटभर फेस बसेल. फेसाचा रंग बघा. चांगल्या स्टाऊटचा फेस पांढरा नसतो, दुधाळ तपकिरी असतो. ग्लास दिव्यासमोर धरा. मधोमध काळोख, पण कडेला, जिथे थर पातळ होतो तिथे, गडद माणकासारखी लाल झाक दिसते. ती दिसली की कळतं, हे काळं नाही, अतिशय गडद लाल आहे.

मग नाक. ओतल्या ओतल्या वास घ्या, कारण पहिल्या दोन मिनिटांत कॉफी सगळ्यात पुढे असते: ताजी दळलेली, जरा तेलकट. थांबा. ग्लास तळहातात धरून थोडा गरम होऊ द्या आणि पुन्हा नाक घाला. आता कॉफी मागे सरते आणि तिच्याखालून दुसरं काही वर येतं. ते ओळखायला कोल्हापूरकराइतका लायक माणूस जगात नाही. हिवाळ्यात करवीर-कागल-पन्हाळ्याकडच्या एखाद्या गुऱ्हाळावर उभं राहिलेल्याला आठवेल, रस आटत आटत काकवीला येतो, अजून गूळ झालेला नसतो, काहिलीच्या कडेला जरासा करपतो, आणि गोड, जड, किंचित धुरकट वास सगळ्या शिवारावर पसरतो. चांगल्या दमदार स्टाऊटच्या पोटात नेमका तो वास असतो. परदेशी पुस्तकं त्याला मोलॅसिस म्हणून मोकळी होतात. ज्या गावच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, जिथे शाहू मार्केट यार्डात सौद्याच्या वेळी व्यापारी ढेपेचा रंग आणि कण बघून, तुकडा जिभेवर ठेवून भाव बोलतो, त्या गावाला चव घेणं शिकवायची गरज नाही. ते कसब ग्लासापाशी वापरायचं, एवढंच.

आता घोट. लहान घ्या, दोन चमचे होतील एवढा. तोंडात फिरवा. आधी गोडसर, मग मध्येच चॉकलेटचा कडवटपणा, आणि गिळताना घशाच्या वरच्या बाजूला भाजलेल्या धान्याची खरपूस कडवट छाप. वाईन चाखणारे घोट थुंकतात, बिअर चाखणारे सहसा गिळतात, कारण या कडूपणाचा मोठा भाग गिळल्यावरच उमगतो. गिळून झालं की थांबा. चांगली स्टाऊट गेल्यावरही मिनिटभर बोलत राहते. शेवटी उरणारी चव कॉफी प्यायल्यानंतरची असेल तर ब्रुअरनं काम चोख केलं आहे. विझलेल्या चुलीतली राख चाखल्यासारखं वाटलं तर धान्य जास्त भाजलं गेलंय.

पहिल्या घोटावर मत देऊ नका. पहिला घोट जिभेला धक्का देतो, दुसरा तिची समजूत घालतो, तिसऱ्याला खरी चव कळते. मधूनमधून साधं पाणी प्या. आणि जोडीला कुणी असेल तर दोघांनी आपापलं मत आधी मनात ठेवा, मग बोला. नाहीतर पहिल्यानं "चॉकलेट" म्हटलं की सगळ्यांना चॉकलेटच लागतं. आपल्याकडे तालमीपासून ग्रामपंचायतीपर्यंत हाच अनुभव आहे.

काही ठिकाणी नळातून येणारी स्टाऊट नायट्रोजन वापरून वाढतात. तिचा फेस सायीसारखा मऊ असतो आणि बुडबुडे जिभेला टोचत नाहीत. नवख्या माणसानं सुरुवात तिथून करावी. ओट घातलेली स्टाऊटही अशीच गुळगुळीत असते.

आता कडक भागाकडे येऊ. याबाबत मी गुळमुळीत बोलणार नाही.

३३० मिलीची आठ टक्क्यांची बाटली घ्या. त्यात शुद्ध अल्कोहोल भरतं साधारण २६ मिली. व्हिस्कीचा तीसचा छोटा पेग, ४२.८ टक्क्यांचा, म्हणजे जेमतेम १३ मिली. हिशेब सरळ आहे: ती छोटीशी दिसणारी बाटली म्हणजे दोन पेग. नेहमीची ६५० मिलीची आठ टक्क्यांची स्ट्राँग म्हणजे चार पेग, आणि एक क्वार्टर म्हणजे सहा. "मी दारू पीत नाही, फक्त बिअर" म्हणणाऱ्या कितीतरी गृहस्थांनी दोन मोठ्या बाटल्यांत क्वार्टरच्याही पुढे मजल मारलेली असते, हे त्यांच्या बायकांना केव्हाच कळलेलं असतं. शरीर हे अल्कोहोल साधारण तासाला एक छोटा पेग या गतीनं काढून टाकतं. लहानखुऱ्या माणसाचं, बाईमाणसाचं त्याहून सावकाश. तेव्हा आठ टक्क्यांची एक छोटी बाटली एकट्यानं घेतली तर दोन तास तरी ती अंगात आहे असं धरा.

कॉफीमुळे यात एक मेख आहे. "कॉफी प्यायली की उतरते" ही आपल्याकडची लाडकी समजूत. उतरत नाही. कॉफीनं फार तर डोळे उघडे राहतात. यकृताचं काम त्याच्याच गतीनं चालतं. उलट धोका वाढतो, कारण चढलेली असताना चढल्यासारखं वाटत नाही. याच कारणानं अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनानं २०१० साली कॅफिन मिसळलेली डबाबंद मद्यं विकणाऱ्या चार कंपन्यांना तंबी दिली होती. कॉफी स्टाऊटमध्ये कॅफिन तेवढं नसतं, एका कप कॉफीपेक्षा बरंच कमी असतं. तेव्हा घाबरायचं कारण नाही, पण कॉफी आहे म्हणून ही बिअर चढत नाही असं कुणी सांगितलं तर त्याच्या गाडीत बसू नका.

गाडीचं निघालंच आहे तर: मोटार वाहन कायद्यात मर्यादा आहे १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आठ टक्क्यांची एक बाटली रिकाम्या पोटी घेणारा माणूस ती मर्यादा सहज ओलांडू शकतो. "एकच तर घेतली" हे नाक्यावरच्या मशीनला सांगता येत नाही. वयाचंही ध्यानात असू द्या: महाराष्ट्रात सौम्य बिअर आणि वाईन २१ नंतर, बाकी सगळं २५ नंतर. शिवाय १९४९ चा दारूबंदी कायदा आपल्याकडे अजून लागू आहे आणि पिणाऱ्यानं परवाना बाळगायचा असतो. बारच्या पाटीवर "परमिट रूम" उगाच लिहिलेलं नसतं.

मिळते कुठे? आपल्या शॉपीच्या फ्रीजात दहातल्या नऊ बाटल्या लागर असतात. दुकानदाराला विचारलंत तर तो एखादी स्टाऊट मागवून देईल, छत्तीसगडच्या सिंबाची किंवा आणखी कुणाची. कॉफी घातलेली ताजी हवी असेल तर पुणे. २००९ साली डूलालीनं तिथे महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी सुरू केली. पाठोपाठ इंडिपेंडन्स, एफिंगट, ग्रेट स्टेट अशी नावं आली. यांच्या नळांवरची बिअर सारखी बदलत असते, तेव्हा फळा वाचा, कॉफी स्टाऊट नसेल तर साधी स्टाऊट किंवा पोर्टर घ्या, आणि आधी चाखायला छोटा ग्लास मागा; बहुतेक ठिकाणी देतात. पुणे-कोल्हापूर रस्ता सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे आहे. पिऊन तो कापायचा विचारही नको. मुक्काम करा, नाहीतर रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस आहे. झोपा, उजाडता कोल्हापूर.

गोव्याबद्दल वेगळं सांगायला हवं. तिथे बाटली स्वस्त, प्रकार जास्त, आणि आपली गाडी निघालेली असतेच. "चार बाटल्या डिकीत टाकल्या तर कोण बघतंय?" बघतात. आजरा, चंदगड, राधानगरी, गगनबावडा, या सगळ्या वाटांवर राज्य उत्पादन शुल्क विभागाची पथकं असतात, आणि "गोवा बनावटीची दारू जप्त" ही बातमी कोल्हापूरच्या वर्तमानपत्रात वर्षभर येतच असते. आपल्या राज्याचा कर न भरलेली दारू परवान्याशिवाय आणणं हा गुन्हा आहे. बाटल्या जातातच, गाडीही अडकते. जे गोव्यात चाखायचं ते गोव्यातच चाखून या. उन्हात तापलेल्या डिकीत तासन्‌तास हिंदकळलेली स्टाऊट तशीही प्यायच्या लायकीची राहत नाही.

खाण्याचं काय? माझं मत बऱ्याच जणांना आवडणार नाही. तांबडा रस्सा आणि स्टाऊट एका ताटाशी आणू नका. तिखटाची आग अल्कोहोलनं भडकते, बुडबुड्यांनी टोचते, आणि वर भाजलेल्या धान्याचा कडूपणा. तिन्ही एकत्र आले की ना रश्श्याची चव कळत ना बिअरची. तिखट जेवणाला थंड लागर ठीक, त्याहून सोलकढी बरी. भडंगही लसूण-तिखटाची, ती गप्पांना ठेवा. स्टाऊटला हवं भाजलेलं आणि सौम्य: खारे शेंगदाणे, निखाऱ्यावर भाजलेलं मटण जिरं-मिरी-मीठ लावून, तव्यावर कडक केलेली शिळी भाकरी आणि लोणी.

आणि गोड. इथे बिअर पिणारा माणूस दचकतो, पण करून बघा. साताऱ्याचा कंदी पेढा. खवा खरपूस भाजलेला, साखर बेतानं, वरून जरासा तांबूस. त्याचा अर्धा तुकडा तोंडात ठेवा, विरघळायला लागला की स्टाऊटचा लहान घोट घ्या. दुधाची भाजलेली चव आणि धान्याची भाजलेली चव एकमेकींना ओळखतात. बिअरचा कडूपणा पेढ्याचा गोडवा कापतो आणि मागे राहतो तो निखळ कॉफीचा स्वाद, मघापेक्षा दुप्पट. पुण्याहून येताना सातारा वाटेतच लागतं, तेव्हा सबब नाही. गुळाचा खरवसही चालतो, मात्र वेलदोडा कमी हवा.

तब्येतीच्या नावाखाली मात्र कुणी ही पिऊ नये. स्टाऊट अंगाला लागते, रक्त वाढवते, ही समजूत विलायतेत पिढ्यान्‌पिढ्या चालली, बाळंतिणींनाही पाजत. १९२९ साली सुरू झालेल्या गिनेसच्या जाहिराती तर ही बिअर तब्येतीला चांगली असं उघड सांगत होत्या. काळ्या रंगात लोह वगैरे जवळपास काही नसतं. तालमीतल्या पोरांनी अंग कमवायला गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर पिळलेलं म्हशीचं दूध प्यावं, ते केव्हाही सरस. जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की दारूची निर्धोक अशी कुठलीही मात्रा नाही. मी वर जे सांगितलं ते कमी नुकसानाचं आहे, नुकसान नसलेलं नाही. मधुमेहाच्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या, मेट्रोनिडाझोलसारखी औषधं चालू असतील, पोटात बाळ असेल, यकृताची तक्रार असेल, तर ग्लास पुढे आला की सरळ नाही म्हणा, आणि यजमानानं दुसऱ्यांदा विचारू नये. आग्रह जेवणात करायचा असतो.

एक बाटली तिघांत घेतली तरी कधी कधी उरते. एखाद्याला आवडत नाही. उरलेली झाकून ठेवून दुसऱ्या दिवशी पिऊ नका, फेस गेलेला असतो आणि वासही. ती स्वयंपाकात वापरा. आयर्लंडमध्ये गोमांस स्टाऊटमध्ये तासन्‌तास शिजवतात. आपल्याकडे मटणाच्या सुक्क्याला पाण्याऐवजी वाटीभर घातली तर रंग गडद येतो आणि कांदा-लसूण मसाल्याला खालून खरपूस जोड मिळते. मसाला नेहमीपेक्षा कमी घाला आणि चिमूटभर गूळ टाका, म्हणजे कडूपणा बसतो. फक्त एक ध्यानात असू द्या. शिजवताना अल्कोहोल सगळं उडून जातं हे खरं नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्याप्रमाणे तासभर रटरटल्यावरही त्यातला साधारण पाव हिस्सा उरतो, अडीच तासांनी पाच टक्के. म्हणून ते पातेलं मोठ्यांपुरतं ठेवा, आणि कुणी न पिणारा पंगतीला असेल तर त्याला आधी सांगा. मुलांसाठी पांढरा रस्सा आणि साधं मटण वेगळं काढायचं, ते बिअर घालण्याच्या आधी.